लवकर मरणारं सोंग

"गवो आडवो इलो," माझा नवरा दिगंबर म्हणाला आणि पायरीवर बसून त्याने पाय धुवायला पाणी मागितलं.

दारात टेम्पो उभा होता. डावा दिवा फुटलेला, बंपर एका बाजूने लोंबत होता, आणि मागच्या फळीवरून बाबांच्या नाटककंपनीची माणसं एकेक करून उतरत होती. कुणाच्या गालाला रात्रीचा रंग तसाच, कुणाची एकच भुवई पुसलेली. सगळ्यांचं म्हणणं एकच, "वाचलो गो वैजू, देवीन राखल्यान." मी विचारलं असतं तर गव्याची शिंगं केवढी होती तेही त्यांनी हात पसरून दाखवलं असतं. पण गवा पाहिला होता कुणी? धक्का बसेपर्यंत सगळे मागे एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून घोरत होते.

मी पाण्याची कळशी त्याच्यासमोर ठेवली आणि टेम्पोभोवती एक फेरी मारली. बंपरला लालभडक चुरा घासलेला होता. आमच्याकडे बागांना चिऱ्याचे गडगे, म्हणजे तांबड्या दगडाच्या बुटक्या भिंती, असतात, त्यांना गाडी घासली की असा चुरा लागतो. गव्याला धडकलेल्या गाडीवर केस असायला हवे होते, रक्त असायला हवं होतं, घाबरून टाकलेलं शेण तरी असायला हवं होतं. इथे सगळा चिराच.

"गवो मगे खंय गेलो?" मी विचारलं.

"रानात."

"गडग्यार उडी मारून?"

दिगंबरने आजूबाजूला पाहिलं. बाबा पेटारा उतरवून घेण्यात गुंतले होते. तो हलक्या आवाजात म्हणाला, "डोळो लागलो माझो. जरासोच. बाबांका सांगशीत तर माझी आण आसा तुका."

म्हणजे गाडी ह्याने गडग्यावर घालायची आणि आण मला घालायची!

आमचा प्रकार समजायचा तर कंपनीची एक रीत सांगायला हवी. माझ्या वडलांची दशावतारी कंपनी होती. सगळा मुलूख त्यांना तातू म्हणायचा. दिवाळी सरली की जत्रा सुरू होत, त्या शिमग्यापर्यंत. रोज नवं गाव, रोज रात्रभर खेळ, पहाटे दहीहंडी फोडून दहीकाला झाला की पेटारा उचलायचा आणि निघायचं. या पेटाऱ्यात कपडे, दागिने आणि कंपनीचा गणपती असतो. बाबांचा दंडक असा, की पेटारा परक्याच्या हाती द्यायचा नाही. म्हणून भाड्याचा ड्रायव्हर नाही. कंपनीतल्याच नटाने रात्री नाचायचं आणि पहाटे टेम्पो चालवायचा.

पण जुन्या माणसांनी त्यावर तोडही काढली होती. जो गाडी चालवील त्याला लवकर मरणारं सोंग द्यायचं. दिगंबर राक्षस व्हायचा. आख्यान सुरू झालं की गर्जना करत यायचा, लढाई करायचा आणि मध्यरात्रीच्या आत कुणातरी देवाच्या हातून मरायचा. मग पडद्यामागे जाऊन रंग पुसायचा आणि पेटाऱ्याला टेकून पहाटेपर्यंत झोपायचा. पुढे राजा शोक करो, राणी रानात जावो, ऋषी शाप देवोत, मेलेल्या राक्षसाला कुणी उठवत नसे. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी मला चिडवलं होतं, नवरा बघितलास तो रोज मरणारा! मी हसले होते. रोज मरत होता म्हणून रोज सुखरूप येत होता, आणि बाकीची कंपनीही त्याच्यासोबत.

ही घडी विस्कटली ती नाटेकर सरांनी.

नाटेकर सर तालुक्याच्या गावचे निवृत्त प्राध्यापक. हायवे रुंद झाला, गाड्या सुसाट सुटल्या आणि अपघात वाढले, तशी सरांनी माणसं जमवून 'जागर कलामंच' काढला. हेतू चांगला होता, ते मी आजही नाकारत नाही. पण सरांना हेतू चांगला असला की पुढचं आपोआप चांगलं होतं असं वाटायचं. त्यांनी पुलाच्या खांबांवर मोठाले तारवटलेले डोळे रंगवून घेतले. ते पाहून एक म्हातारी एसटीतच किंचाळली. मग त्यांनी बायकांकडून हायवेच्या कडेला 'झोप आली? थांबा!' अशी रांगोळी घालून घेतली. ट्रकवाल्यांनी ती वाचली की नाही देव जाणे, पण त्यांच्या चाकांना ती चांगली लागली.

त्यानंतर ते आमच्याकडे आले. हातात टाइप केलेलं नाटक होतं.

"तातू, यात ड्रायव्हर रमेश आहे, त्याची पत्नी आहे आणि डॉक्टर आहेत. डॉक्टर झोपेचं महत्त्व सांगतात."

बाबांनी कागद हातात घेतले, उलटे-सुलटे केले आणि त्याच कागदांनी वारा घेत म्हणाले, "आमच्या पेटाऱ्यात डॉक्टर नाय. देव आसा, राक्षस आसा, ऋषी आसा. आणि आमी पाठ करणव नाय. कथा ठरवतो, बोलणा तोंडार येता ता बोलतो."

"मग झोपेचा राक्षस करा ना!" सर उत्साहाने म्हणाले.

त्या क्षणी मी त्यांना चहा नेऊन दिला. द्यायला नको होता.

असा निद्रासूर जन्माला आला. ब्रह्मदेवाकडून वर मिळालेला, की रात्री वाट चालणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांत तुला शिरता येईल. राजाचा रथ रानातून चाललाय, सारथी दमलाय, निद्रासूर येऊन त्याच्या शेजारी बसतो, रथ दरीत जातो, आणि शेवटी विष्णू त्याचा वध करतो. राक्षस कोण? अर्थात दिगंबर.

आता राक्षस म्हटला की आमच्याकडे डोळे वटारून ओरडतो. दिगंबर ओरडला नाही. तो बाकावर सारथ्याच्या शेजारी जाऊन अगदी आपल्या माणसासारखा बसला. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "दमलास ना? डोळे मिटू नकोस हो. नुसते पापण्यांना थोडे टेकू दे. वाट सरळच आहे. घोड्यांना ठाऊक आहे." आणि गुणगुणायला लागला. समोर बसलेली पोरं पटापट आयांच्या मांडीवर कलंडली. मोठी माणसं जांभया देत हसत होती आणि हसता हसता घाबरत होती. झोपेशी इतकी ओळख असलेला दुसरा नट कंपनीत नव्हता, आणि ती ओळख त्याने कशी करून घेतली होती हे मला ठाऊक होतं.

खेळ असा गाजला की विचारू नका. दिवसा शाळांतून, एसटीच्या आवारातून, ट्रकच्या थांब्यावर सरांचे कार्यक्रम. आणि रात्री जत्रेतही लोक म्हणायला लागले, "तातूनू, आमका निद्रासूर व्हयो." बरं, निद्रासूर मध्यरात्रीच्या आत मेला तर लोक उठून घरी जायचे. म्हणून बाबांनी त्याचं मरण लांबवलं. आधी राजाचा सारथी, मग ऋषीचा शिष्य, मग देवळाचा पहारेकरी, असे एकेकाच्या डोळ्यांत शिरत तो पहाटेपर्यंत जगायला लागला. दहीहंडी फुटायच्या जरा आधी मरायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि टेम्पोत बसायचा. सकाळी घरी पोचला की अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत सरांची जीप दारात.

ड्रायव्हरांनो, झोपा, असं सांगण्यासाठी ड्रायव्हरला जागवायचं! अख्ख्या जिल्ह्यात ही गंमत कुणाला दिसत नव्हती. पेपरात फोटो येत होते.

गव्याच्या त्या सकाळी मी दिगंबरला म्हटलं, "तुमीच बाबांका सांगा, माका मरूक देवा म्हणान."

त्याने पाय पुसले. फडका दोरीवर टाकला. मग म्हणाला, "वैजू, इतकी वर्सां मी काय केलंय? इलंय, वराडलंय, मेलंय. माझा नाव कोणाक म्हायत होता? काल जत्रेत एक म्हातारो माका बघून म्हणता, तुझ्यासाठी चार मैल चलान इलंय. माझ्यासाठी! राजासाठी नाय, देवासाठी नाय."

"आणि गडग्याच्या पलीकडे काय होता?"

त्याने लोंबणाऱ्या बंपरकडे पाहिलं. पलीकडे दरी होती. त्या वळणावर मी लहानपणापासून एसटीत डोळे मिटून घेते.

"पुन्हा होवचा नाय," तो म्हणाला आणि आत जाऊन आडवा झाला. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. सर शाळेच्या कार्यक्रमाला न्यायला आले होते. दिगंबर उठला. मी टेम्पोची किल्ली लपवून ठेवायचा विचार केला, पण शाळेला तो जीपने जाणार होता आणि दुसरी किल्ली बाबांच्या जानव्याला होती.

मी बाबांकडे गेले. आण घातलेली, त्यामुळे गडग्याचं बोलायची सोय नव्हती.

"बाबानू, निद्रासूर आदीसारखो लवकर मारूक नाय येवचो?"

बाबा किरीटाचे मणी ओवत बसले होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "कित्याक?"

"ते दमतत. गाडी चालवूची आसता."

"दमता कोण नाय? मी ह्या वयात पहाटेपर्यंत उभो आसंय. राक्षस जगता म्हणान लोक बसतत. गेल्या वर्सा आमच्या खेळाक अर्धी जत्रा उठान जाय. आता बघ, पाय ठेवूक जागा नाय."

"तुमी मागे निजान येतास बाबानू. ते पुढे बसतत."

"वैजू, तुका ह्यातला काय कळता गो?" बाबा म्हणाले, आणि मणी खाली सांडले म्हणून तेही माझ्याच नावावर जमा झाले.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. म्हटलं, सर, निदान दिवसाचे कार्यक्रम थांबवा. सर मन लावून ऐकतात, हे त्यांचं वैशिष्ट्य. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वहिनी, तुमची तळमळ समजते. उद्याचा समारोप तेवढा होऊ द्या. ट्रक थांब्याच्या मैदानात दुपारी. जिल्ह्याचे साहेब येताहेत. आणि खरं सांगू? दिगंबररावांच्या चेहऱ्यावर तो जो थकवा दिसतो ना, तो मेकअपने येणार नाही!"

मला त्या माणसाच्या हातातली फाइल हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली. मी नमस्कार करून घरी आले.

समारोपाला मी कंपनीबरोबर गेले. एरवी जात नसे. म्हटलं, येताना टेम्पोत पुढे त्याच्या शेजारी बसेन, चिमटे काढत आणीन. आदल्या रात्रीही जत्रा होती आणि त्या रात्रीही होती. मधल्या दुपारी हा खेळ.

मैदानात मांडव घातलेला. पुढच्या खुर्च्यांवर साहेब, सर, शाळांचे मुख्याध्यापक. मागे सतरंज्यांवर बायका-मुलं. आणि दोन्ही बाजूंना, मांडवाच्या बाहेर, आपापल्या गाड्यांना टेकून उभे असलेले ट्रक ड्रायव्हर. त्यांना सरांनी आग्रहाने थांबवून घेतलं होतं. म्हणजे त्यांचीही विश्रांतीची वेळ गेली, पण त्यावर बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

मी रंगमंचाच्या कडेला, पेटीवाल्या अण्णांच्या मागे बसले. खेळ सुरू झाला. राजा आला, सारथ्याला आज्ञा देऊन गेला. सारथी बाकावर बसून हवेतले लगाम धरून डुलायला लागला. मग काळा झगा, कपाळावर चंद्र काढलेला निद्रासूर आला. लोकांत खसखस पिकली. तो बाकावर बसला, सारथ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दमलास ना?" दिगंबर म्हणाला. "डोळे मिटू नकोस हो. नुसते पापण्यांना थोडे..."

आणि थांबला. आम्हाला वाटलं, आता गुणगुणेल. त्याची मान हळूच सारथ्याच्या खांद्यावर आली. सारथ्याने एक डोळा किलकिला करून पाहिलं, कारण झोपायचं त्याने होतं. निद्रासूर तोंड उघडं टाकून घोरायला लागला.

मांडवात हशा आणि टाळ्या. साहेब मागे वळून म्हणाले, "काय निरीक्षण आहे!"

मला ते घोरणं ओळखता आलं नसतं तर मी बायको कसली? आधी बारीक शिटी, मग एक अडखळा, मग लांब सुस्कारा. मी मांडवाच्या कडेला पाहिलं. ट्रकवाले हसत नव्हते. त्यातल्या एकाने तोंडातली विडी काढून हातात धरली होती आणि तो नुसता बघत होता.

सारथी बिचारा काय करणार? तो हळूच सरकून उठला आणि दिगंबर बाकावर आडवा झाला. अण्णांनी वेळ मारून न्यायला सूर लांबवला. आणि पडदा बाजूला सारून बाबा आले. विष्णूच्या वेशात, डोक्यावर किरीट, हातात तलवार.

त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेला माणूस. पण तलवार खाली न आणता ते घनगंभीर आवाजात म्हणाले, "हे असुरा! ऊठ! तुझा काळ तुझ्यासमोर उभा आहे!"

शिटी, अडखळा, सुस्कारा.

"ऊठ, अधमा!" बाबांनी तलवारीचं टोक त्याच्या पायाला लावलं.

दिगंबरने झोपेतच पाय आखडून घेतला, लहान मूल घेतं तसा. आणि माझ्या डोक्यातलं काहीतरी तुटलं. मी उठले आणि चपलांसकट रंगमंचावर गेले.

आमच्या घरातली बाई कधी रंगमंचावर चढली नव्हती. दशावतारात बायकांचं सोंगसुद्धा पुरुष घेतात. मी जाऊन बाकाच्या पुढे उभी राहिले आणि म्हटलं, "ह्येंका उठवू नकात!"

मग अण्णांनी, हात मोडो त्यांचा, माझ्या वाक्याला सूर दिला.

"अण्णानू, पेटी बंद करा!" मी ओरडले. त्यांनी वरचा सूर दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर अर्धे उठून साहेबांना सांगत होते, "हे नवीन आहे! हे आधी नव्हतं!"

बाबांच्या डोळ्यांत मला राग दिसला, पण किरीट घातलेला असताना त्यांनी रंगमंचावर कधी घरचा शब्द उच्चारला नव्हता. ते म्हणाले, "हे स्त्रिये, देवासुरांच्या रणभूमीत पाऊल टाकणारी तू कोण?"

"मी कोण? बाबानू, मी वैजू!"

"त्रैलोक्याचा पिता मी. तू मला बाबा म्हणालीस, हे योग्यच झालं."

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. मी कपाळावर हात मारला, तर त्यालाही टाळ्या. खरं बोलावं तर नाटक होत होतं! तेव्हा मला कळलं, की या माणसाशी बोलायचं तर देवाशीच बोलावं लागणार.

"बरा," मी म्हटलं. "देव निजलेल्यार हत्यार चालवता काय?"

बाबा थांबले. "नाही. निद्रिस्तावर शस्त्र हा अधर्म. म्हणूनच सांगतो, याला जागा कर."

"नाय करणंय. ह्यो माणूस किती दीस निजूक नाय, तुमका म्हायत आसा? रातभर तुमी जगवतास, सकाळी गाडी हाकूक लावतास, दिवसा ह्ये सर नेतत. आणि लोकांका काय सांगतास? निजा म्हणान! परवा गवो आडवो इलो नाय, देवा. गवो नव्हतोच. ह्येंचो डोळो लागलो. गाडी गडग्यान अडवल्यान. गडगो नसतो तर खाली दरी. आणि मागे तुमी, अण्णा, ह्यो सारथी, तुमचो गणपती, सगळे."

अण्णांची बोटं पेटीवरून उठली. सारथी पडद्याला धरून उभा राहिला. मांडवात आता कुणी हसत नव्हतं. बाबा बाकावरच्या माणसाकडे बघत होते. त्यांच्या गालाचा निळा रंग घामाने ओघळत होता.

किरीट काढला असता तर ते तातू झाले असते. मला हाताला धरून खाली उतरवलं असतं, चार शब्द सुनावले असते, आणि रात्री निद्रासूर पुन्हा पहाटेपर्यंत जगला असता. पण किरीटातल्या बाबांच्या लोक पाया पडायचे, तान्ही मुलं त्यांच्या पायांवर घालायचे. त्या वेशात ते थट्टेतसुद्धा खोटं बोलत नसत. किरीट असताना दिलेला शब्द मोडला तर पेटारा आपल्या दारात राहणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

"काय हवं आहे तुला?" ते शेवटी म्हणाले. आवाज विष्णूचा होता, पण जरा खाली आला होता. "माग."

मी हात जोडले. "माझ्या घोवाक लवकर मारा."

नवऱ्याला मारा म्हटलेलं ऐकून सतरंजीवरची एक बाई "अगो बाये!" म्हणाली. सर चष्मा काढून बघायला लागले.

"रोज," मी म्हटलं. "मध्यरात्रीच्या आत. आणि मेल्यावर पहाटेपर्यंत कोणी त्येंका हात लावूचो नाय. लोक उठान गेले तर जाव देत. जत्रा तुटली तर तुटू दे. माका रोज मेलेलो घोव व्हयो, बाबानू. एकदाच मेलेलो नको."

बाहेर हायवेवरून गाड्या जात होत्या, आणि मांडवात फक्त शिटी, अडखळा, सुस्कारा.

मग त्यांनी तलवार उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला.

"तथास्तु," बाबा म्हणाले.

खेळ तिथेच संपला, कारण निजलेल्याला मारता येत नाही. बाबा बाकाच्या टोकाशी बसले, दिगंबरच्या डोक्यापाशी, आणि त्यांनी लोकांना हातानेच निघायची खूण केली. पुढच्या रांगेने टाळ्या सुरू केल्या. तेवढ्यात तो विडीवाला ड्रायव्हर आत आला आणि टाळ्या वाजवणाऱ्या एका मुख्याध्यापकांचे हात त्याने आपल्या हातांनी सरळ धरून ठेवले. मग टाळ्या थांबल्या आणि माणसं चपला हातात घेऊन उठायला लागली.

फक्त सर रंगमंचाकडे धावत आले. "वहिनी! तातू! काय शेवट केलात! हाच शेवट पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला करायचा. जशाच्या तसा!"

"सर," मी म्हटलं, "हळू बोला."

दिगंबर ऊन उतरेपर्यंत झोपला. जागा झाला तेव्हा मैदान रिकामं होतं, बाबा रंग पुसून टेम्पोच्या पायरीवर बसले होते आणि मी एकटीच बाकाजवळ होते. त्याने कपाळावरचा चंद्र चोळला.

"वध झालो?"

"नाय," मी म्हटलं, आणि काय झालं ते सगळं सांगितलं. आणही मोडली, तेही.

तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बंद होत गेला. "म्हणजे आता पुन्हा आदीसारखा. येवचा, वराडूचा, मरूचा."

"व्हय."

"माझा एकच बरा चललेला, वैजू. ता पण तू..." एवढंच बोलून तो उठला.

त्या रात्रीच्या जत्रेत निद्रासूर मध्यरात्रीच्या आत मेला. लोक कुरकुरले. काही उठून गेले. पुढच्या वर्षी दोन-तीन गावांनी आम्हाला बोलावलं नाही, त्यांनी दुसरी कंपनी धरली, आणि तिचा निद्रासूर म्हणे पहाटेपर्यंत जगायचा. बाबांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. शब्द मात्र पाळला.

आणि दिगंबरने माझ्याशी अबोला धरला. एखाद-दुसरा दिवस नव्हे, शिमगा येऊन गेला तरी. मी विचारलेल्याला मान हलवायची, मीठ हवं असलं तर उठून स्वतः घ्यायचं. मी वैतागायची, भांडी आपटायची, एकदा तर त्याच्या तोंडावर म्हटलं, राक्षसाचा एवढा पुळका असेल तर जा दरीत! तरी बोलला नाही. शेजारणी म्हणायच्या, कसं सहन करतेस गो?

काय सांगणार त्यांना? जत्रांच्या दिवसांत पहाट झाली की मी चुलीवर पेज ठेवायची आणि कान वळणाकडे लावायची. टेम्पोचा आवाज यायचा. दिगंबर उतरायचा, माझ्याकडे न बघता माझ्या बाजूने आत जायचा आणि पानावर बसायचा. झोप झालेली असायची, डोळे स्वच्छ असायचे, आणि त्या स्वच्छ डोळ्यांत माझ्यावरचा राग अगदी स्पष्ट दिसायचा. मी पेज वाढायची, शेजारी बसायची आणि त्याचं खाऊन होईपर्यंत तो राग बघत राहायची.